दोन निलगिऱ्या, दोन बाटल्या

उटीला गेलेला माणूस चॉकलेट, चहा आणि निलगिरीचं तेल घेतल्याशिवाय परतत नाही. चॉकलेट गाडीतच संपतं, चहा महिनाभर पुरतो, तेलाची बाटली मात्र औषधांच्या डब्यात वर्षानुवर्षं पडून राहते. ते नेमकं कशाचं तेल आहे आणि कशाला वापरायचं, हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं आणि विकणाऱ्याला सांगायला वेळ नसतो.

माझी बहुतेक नोकरी बाम बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. निलगिरी तेलाची पिंपं यायची, ती उघडून तपासायची आणि पास की नापास ते लिहायचं, हे माझं काम. त्यामुळे उटीत चेअरिंग क्रॉसजवळच्या एका छोट्या दुकानात मालकाने "मॅडम, दो टाइप का है, कौनसा चाहिए?" असं विचारल्यावर मी तिथेच स्टुलावर बसले. बाकीच्या दुकानांत "प्युअर है, ओरिजिनल है" याच्या पुढे गाडी जात नाही. या अण्णांनी दोन्ही बाटल्यांची बुचं काढून समोर ठेवली, वर कॉफी पावडरीची वाटीही पुढे केली, म्हणजे पहिला वास नाकातून जाईपर्यंत दुसरा घ्यायचा नाही. दुकानाला माझे पैकीच्या पैकी गुण इथेच.

पहिली बाटली ब्लू गमची, म्हणजे युकॅलिप्टस ग्लोब्युलस. ज्याला आपण आयुष्यभर 'निलगिरी तेल' म्हणत आलो ते हे. 100 मिलीला 250 रुपये. दुसरीवर 'लेमन युकॅलिप्टस' असं लिहिलेलं, म्हणजे सिट्रिओडोरा, ती 320 रुपयांना. वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये सिट्रिओडोराला युकॅलिप्टसच्या घरातून काढून कोरिंबिया नावाच्या वेगळ्या प्रजातीत नेऊन बसवलं, पण बाजाराला त्याचं सोयरसुतक नाही आणि लेबलं जुनीच आहेत. दोन्ही झाडं मूळची ऑस्ट्रेलियाची. ब्लू गम थंड दक्षिणेकडचं, टास्मानिया आणि व्हिक्टोरिया भागातलं. सिट्रिओडोरा उबदार क्वीन्सलँडचं. त्यांच्यातला निम्मा फरक या हवामानातच आहे.

आता वास. ब्लू गमचं तेल पहिल्या क्षणी घशाला पकडतं, हलका ठसका लागतो आणि मग तो ओळखीचा थंडावा वर येतो. अनेकांना हा ठसका म्हणजे 'कडक, असली माल' वाटतो. तसं नाही. ताज्या, न शुद्ध केलेल्या तेलात आयसोव्हॅलेराल्डिहाइडसारखे हलके पदार्थ असतात, खोकला त्यांच्यामुळे येतो. औषधाच्या दर्जाचं तेल करताना पुन्हा ऊर्ध्वपातन करून हा पहिला भाग बाजूला काढतात. अण्णांचं तेल भट्टीवरून थेट आलेलं, म्हणून त्यात तो ठसका शाबूत. बाटली एक-दोन दिवसांतून थोडा वेळ उघडी ठेवली की तो बराच निवळतो. मागोमाग टर्पेंटाइनसारखी एक छटा येते, ती पायनीनची. आणि या सगळ्याच्या खाली मुख्य माल, तो थंडावा देणारं सिनिओल. युरोपीय फार्माकोपियात, म्हणजे औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या ग्रंथात, औषधी निलगिरी तेलाला किमान 70 टक्के सिनिओलची अट आहे.

सिट्रिओडोराच्या बाटलीत सिनिओल जवळजवळ नाहीच. तिथे राज्य सिट्रोनेलालचं, साधारण तीन चतुर्थांश. पहिला वास लिंबाच्या सालीचा, मग गवती चहा, आणि थोड्या वेळाने मागे राहतो तो गुलाबाकडे झुकणारा गोडवा. छान आहे, नाकारत नाही. माझ्या सुनेने बुच काढल्या काढल्या जाहीर केलं, "आई, ही माझी." थंडावा मात्र शून्य. नाक चोंदलेल्या माणसाला ही बाटली हुंगायला दिली तर तो विचारेल, याचं करू काय?

घरी आल्यावर मी दोन्ही तेलांचा एकेक थेंब गाळणकागदावर टाकून खिडकीत ठेवला. जुनी खोड. भेसळ पकडायची ही सगळ्यांत स्वस्त युक्ती, कुणालाही जमेल, गाळणकागद नसेल तर वहीचं पान चालतं. खोबरेल किंवा पातळ पॅराफिन मिसळलेलं असेल तर तेलकट डाग राहतो, सुगंधी तेल शुद्ध असेल तर ते उडून जातं. ब्लू गमचा डाग चहा होईतो गायब झाला. सिट्रिओडोराचा संध्याकाळपर्यंत रेंगाळला आणि दुसऱ्या दिवशीही कागदाला वास होता, कारण सिट्रोनेलाल सिनिओलपेक्षा चढ्या तापमानाला उकळणारं. शेवटी दोन्ही कागद कोरडे, डाग नाही. पास. रॉकेल किंवा टर्पेंटाइनची भेसळ मात्र या कागदावर सापडत नाही, तीही उडून जाते, तिथे नाकच कामाला येतं.

आमच्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, येण्याआधी सिनिओल मोजायची पद्धत फार देखणी होती. 3 ग्रॅम तेल, त्यात 2.1 ग्रॅम वितळवलेलं ऑर्थो-क्रेसॉल, जाड काचेची नळी, आणि ढवळायचं थर्मामीटरनेच. मिश्रण निवत जातं, पारा सावकाश उतरत असतो, मग नळीत एकाएकी पांढरे स्फटिक धरतात आणि पारा उलटा वर उसळून एका जागी थांबतो. तो आकडा तक्त्यात बघायचा, समोर सिनिओलचे टक्के. जितका वर थांबला तितकं तेल चांगलं. एखादं पिंप हलकं असेल तर नळीकडे बघूनच कळायचं, स्फटिक धरायला कुरकुर करायचे. क्रेसॉलचा डांबरी वास तेवढा साडीला घरापर्यंत यायचा. घरी करायचा हा प्रयोग नव्हे, क्रेसॉल कातडी भाजतं. अण्णांच्या तेलावर मी तो केलेला नाही, पण इतकी वर्षं नाकाने आणि नळीने मिळून जे शिकवलं त्यावरून सांगते, कारखान्याच्या दारात हे पिंप आलं असतं तर परत पाठवलं नसतं.

सर्दीला ब्लू गमच घ्या, यावर माझ्याकडे चर्चा नाही. सिनिओल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या संवेदना जाग्या करतं, म्हणून श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. सर्दी त्याने बरी होत नाही, पण रात्र निघते. आमच्या ह्यांना सायनसचा त्रास, पावसाळा सुरू झाला की रोज पातेल्यात गरम पाणी घेऊन बसतात. पातेलं खाली उतरवून, तीन-चार थेंब, डोळे मिटून, टॉवेल सैल. अर्धं झाकण तेल ओतणारे वीर मी पाहिले आहेत, त्यांचे डोळे लाल होतात आणि मग दोष तेलाला. रुमालावर दोन थेंब टाकून उशाशी ठेवणं सगळ्यांत सोपं.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र आपल्याकडे फार बेफिकिरी आहे. तान्ह्या बाळाच्या नाकाखाली किंवा छातीवर निलगिरी चोळायची नाही, आजी कितीही म्हणू दे. आणि ही बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवायची नाही. काही मिली तेल पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात, शुद्ध जाऊ शकते. उटीच्या बाटल्यांची बुचं साधी फिरकीची असतात, मूल सहज उघडेल. माझा या बाटलीवरचा सगळ्यांत मोठा आक्षेप हाच. त्यावर 'पोटात घेऊ नये' हेसुद्धा लिहिलेलं नाही. मी घरी चिकटपट्टी लावून लाल पेनाने लिहिलं.

सिट्रिओडोरा आम्ही लादी पुसायच्या पाण्यात वापरतो. बादलीत अर्धा चमचा, आधी थोड्या लिक्विड साबणात कालवून, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पहिल्या खोलीतच सगळं संपतं. कामाच्या मावशींचा अभिप्राय: "फिनेलपेक्षा बरं, डोकं चढत नाही." दुपारपर्यंत घराला वास राहतो. ब्लू गमनेही पुसून पाहिलं, पण घर दवाखान्यासारखं वाटायला लागलं आणि वास तासाभरात उडाला. ब्लू गमचं या खात्यातलं खरं कौशल्य वेगळंच आहे. नव्या भांड्यांवरच्या स्टिकरचा चिकटा, मुलांनी दारावर लावलेल्या कार्टूनचा गोंद, हे कापसाच्या बोळ्यावर चार थेंब घेऊन चोळलं की दोन मिनिटांत निघतं. स्टीलच्या डब्यांवर बिनधास्त करा. पॉलिश केलेल्या लाकडावर नको.

डासांचं प्रकरण जरा नीट सांगते, कारण दुकानांत या बाबतीत हमखास घोळ होतो. 'लेमन युकॅलिप्टस लावा, डास येत नाहीत' हे वाक्य अर्धं खरं आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने 2005 मध्ये डास पळवणाऱ्या शिफारशींच्या यादीत 'ऑइल ऑफ लेमन युकॅलिप्टस' घेतलं. पण ते म्हणजे भट्टीतून निघालेलं कच्चं तेल नव्हे. सिट्रोनेलालवर प्रक्रिया करून पीएमडी नावाचा पदार्थ बनवतात, काम तो करतो आणि बरेच तास करतो. कच्च्या तेलात पीएमडी अगदी किरकोळ असतं. मी संध्याकाळी गच्चीवर खोबरेलात मिसळून हातापायांना लावून बसले. थोडा वेळ शांतता होती, तासाभराच्या आत पाहुणे परत. डेंगीच्या दिवसांत या बाटलीच्या भरवशावर राहू नका. आणि पीएमडी असलेली खरी औषधंसुद्धा 3 वर्षांखालच्या मुलांना लावायची नाहीत, पाकिटावर तसं छापलेलं असतं. अण्णांनी डासांचं नाव काढलं नाही, हेही त्यांच्या खाती जमा. शेजारच्या दुकानात मात्र हीच बाटली 'मॉस्किटो ऑइल' म्हणून दीडपट भावात.

पॅकिंगला दोन्हीकडे कमी गुण. ब्लू गमच्या बाटलीला आत प्लास्टिकचं छिद्राचं बुच आहे, ते फुगलं आणि आता बाहेर निघत नाही. सिट्रिओडोराला रबरी ड्रॉपर दिलेला, दिसायला ऐटबाज. महिन्याभरात त्याचा फुगा चिकट झाला आणि दाबला तर दाबलेलाच राहतो. ही तेलं रबर नि कित्येक प्लास्टिकं खातात. खात्री करायची असेल तर थर्माकोलच्या तुकड्यावर ब्लू गमचा एक थेंब टाका: जागच्या जागी खळगा पडतो, कडा आत ओढल्या जातात, जणू कुणी तापलेली सळई टेकवली. म्हणून वाफेच्या प्लास्टिकच्या यंत्रात तेल थेट ओतू नका. आमच्या सोसायटीत दोघींची यंत्रं अशीच तडकली. साधं काचेचं बुच किंवा आत पांढरी टेफ्लॉनची चकती असलेलं झाकण, एवढं दिलं तर बाटलीमागे वीस रुपये जास्त द्यायला माझी तयारी आहे.

टिकण्यात ब्लू गम सरस. सिनिओल फारसं बदलत नाही. अंधारात, बुच घट्ट लावून ठेवलं तर वर्ष-दोन वर्षं काही होत नाही. सिट्रोनेलाल अल्डिहाइड जातीचं, हवा लागली की हळूहळू बिघडतं. बाटली अर्धी रिकामी झाली की उरलेलं तेल लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हात ठेवलेली सिट्रिओडोराची बाटली उन्हाळ्यानंतर हुंगून बघा, लिंबू गेलेलं असेल आणि काहीतरी आंबट, शिळं उरलेलं असेल.

इथवर वाचून वाटेल, बाई ब्लू गमच्या बाजूच्या. बाटलीपुरतं खरं आहे. झाडांकडे पाहिलं की माझं मत फिरतं.

उटीजवळच्या दोड्डबेट्टा शिखराच्या रस्त्याला ब्लू गमची झाडी दाट आहे. उंच, वेडीवाकडी साल सोडणारी, खोडावरून तपकिरी पट्ट्या लोंबत असतात आणि वाऱ्यात एकमेकींवर आपटत राहतात. जमिनीवर साल-पानांचा घोटाभर थर, त्यात दुसरं फारसं काही उगवत नाही. या झाडाची गंमत पाहायची तर रोपटं बघा. लहानपणी पानं रुंद, जोडीजोडीने खोडाला बिलगलेली, चांदीसारखी निळसर, बोटाने पुसलं की पांढरी भुकटी येते, खोडही चौकोनी. मोठं झालं की तेच झाड कोयत्याच्या पात्यासारखी लांब, हिरवी, लोंबती पानं काढतं. माहिती नसलेल्या माणसाला ही दोन वेगळी झाडं वाटतील. बोंडं चार धारांची, खडबडीत, वरचं टोपण निखळून पडतं तेव्हा आतून पांढऱ्या पुंकेसरांचा झुबका उघडतो. अशी टोपणं रस्त्याकडेला खच पडलेली असतात. आमच्या नातीने फ्रॉकच्या खिशात भरून आणली, त्या खिशाला धुतल्यावरही वास आहे.

सिट्रिओडोराला असला पसारा नाही. खोड सरळ, गुळगुळीत, पांढरं किंवा फिक्या गुलाबी झाकेचं, खालपासून वरपर्यंत. साल सोडायच्या दिवसांत तेवढे चट्टे दिसतात, मग पुन्हा गोरंपान. पानं अरुंद, शेंडा विरळ, सावली जेमतेम. पाऊस पडून गेल्यावर त्याच्याखाली उभं राहिलं तर लिंबाचा वास आपोआप येतो, पान चुरायचीही गरज नाही. शिवाय हे सपाटीवरच्या उन्हातही नांदतं, म्हणून कॉलेजांच्या, जुन्या बंगल्यांच्या आवारात दिसू शकतं. ब्लू गमला थंडी लागते. ते आपल्या मैदानी गावांत जगवायचा हट्ट धरू नये.

इथे एक गैरसमज निस्तरायला हवा. महाराष्ट्रात रस्त्याकडेला नि शेताच्या बांधावर जी निलगिरी दिसते ती बहुतेक ठिकाणी या दोन्हींपैकी नसते. ती टेरेटिकॉर्निस, 'म्हैसूर गम' म्हणून पसरलेली, बल्ल्यांसाठी आणि कागदाच्या लगद्यासाठी लावलेली. तिच्या पानांत सिनिओल असतं पण ब्लू गमच्या मानाने कमी. बांधावरची पानं उकळून वाफ घेणाऱ्यांना वास येतो, समाधान मिळतं, घेऊ देत. त्यातून बाटलीतलं तेल मिळालं असं तेवढं समजू नये.

निलगिरीच्या डोंगरांवर ब्लू गम आलं 1843 च्या सुमारास. इंग्रजांच्या थंड हवेच्या ठाण्याला जळण लागायचं, शोलाची, म्हणजे इथल्या डोंगरघड्यांतली मूळची सदाहरित जंगलं त्यात चालली होती, आणि हे झाड तोडलं तरी बुंध्यातून पुन्हा फुटतं. सोय झाली, पण गवताळ उतार गेले. निलगिरीतल्याच ग्लेनमॉर्गन इथे शेजारशेजारच्या दोन पाणलोटांची तुलना वर्षानुवर्षं केली गेली, एकात मूळचं गवत-शोला, दुसऱ्यात ब्लू गम. पहिल्या 10 वर्षांच्या फेरीत ब्लू गमच्या ओढ्याचं पाणी सरासरी 16 टक्क्यांनी घटलं. तोडल्यावर फुटलेल्या दुसऱ्या पिकात घट आणखी वाढली. उटीत पाण्याचे टँकर बघितले की हे आठवतं. अण्णांना विचारलं तर त्यांनी खांदे उडवले: झाडं आहेत तोवर पानं गोळा करणाऱ्यांची चूल पेटते. तेही खोटं नाही. 100 किलो पानांमागे किलो-दीड किलो तेल, भट्टी ओढ्याकाठी कारण थंड करायला वाहतं पाणी हवं, आणि उकळून उरलेला पाला वाळवून त्याच भट्टीत सरपण म्हणून जातो.

म्हणून माझं स्वतःचं धोरण: ब्लू गमची लहान बाटली, वर्षाला एक, औषधापुरती. सिट्रिओडोरा घरात वास आवडणारं कोणी असेल तरच. आणि काही दुकानांत मिळणारी 'टू इन वन' मिश्रणाची बाटली मुळीच नको. तिने सर्दीला दोन थेंबांच्या जागी चार लागतात आणि लादीला दवाखान्याचा वास येतो. त्याच कपाटात गॉल्थेरियाचं तेलही ठेवलेलं असतं, सांधेदुखीवालं. ते वेगळं प्रकरण आहे. ॲस्पिरिन चालत नसलेल्यांनी आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये, एवढं आत्ताच सांगते.

अण्णा कुरिअरने पाठवतात, फोनवर हिंदी समजतं, पैसे आधी द्यावे लागतात. प्लास्टिकची बाटली नको, काचेची द्या, आणि आतलं बुच घालू नका, असं स्पष्ट सांगा. मी सांगितलं तेव्हा वर्तमानपत्रात आणि केळीच्या सुकलेल्या पानात गुंडाळून पाठवली, एक थेंबही सांडला नव्हता. पावसाळ्यात उशीर होतो, घाटात दरड आली की आठवडा धरून चाला.